चौथ्यांदा सुरुवात करतोय, यावेळी टिकेल असं काहीतरी सांगा

ढेरपोट्या (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ४३, उंची पाच फूट सात, वजन ८४. राहायला कोथरूड, हापिस बाणेरला, म्हणजे दिवसातले दीड-दोन तास गाडीवर आणि नऊ तास खुर्चीत. गेल्या महिन्यात हापिसात सगळ्यांची तपासणी झाली, त्यात माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वाढलेले, आणि तिथल्या पोराने टेप लावून कंबर मोजली ती ९९ सेंटीमीटर. मी म्हटलं अरे माझी पँट ३६ ची आहे, तर तो म्हणतो काका, पँट तुम्ही पोटाच्या खाली घालता, टेप बेंबीपाशी लावायची असते. रिपोर्टपेक्षा हे जास्त लागलं. काका म्हणाला ते वेगळंच.

आता आधीचे पराक्रम. पहिल्यांदा जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले, डिस्काउंट होता म्हणून. अकरा दिवस गेलो. दुसऱ्यांदा एक जानेवारीला पर्वती पळत चढलो, सगळ्या १०३ पायऱ्या, वर फोटोबिटो काढून ग्रुपवर टाकला आणि उतरताना गुडघा जो धरला तो संक्रांत झाली तरी सुटेना. तिसऱ्यांदा रात्रीचं जेवण बंद करून नुसतं सूप. पाच दिवस निघाले, सहाव्या दिवशी रात्री साडेअकराला फ्रीज उघडा ठेवून त्याच्या उजेडात श्रीखंडाचा डबा चमच्याने खरवडताना मुलीने पकडलं.

तर प्रश्न असा की आहार आणि व्यायाम दोन्ही एकदम सुरू करू का एकेक? गोळी अजून नाहीये, डॉक्टर म्हणाले तीन महिने बघू. कृपया "मनावर घ्या" असं कुणी लिहू नका, मनावर घेऊन घेऊनच इथवर आलोय.

पेठेतला_खवय्या

पहिला प्रतिसाद माझा! साधं श्रीखंड का आम्रखंड ते आधी सांगा, त्यावर सल्ला अवलंबून आहे.

बाकी आमचा पाचजणांचा ग्रुप आहे, सकाळी सहाला सारसबाग, चार फेऱ्या, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार आणि सात वाजता मिसळ. चार वर्षं एक दिवस चुकला नाही. वजनही चार वर्षांत हललेलं नाही पण नेम चुकला नाही हे बघा.

डॉ_बिनफीचे

खवय्या, पाऊण तास चालून साधारण दीडशे-दोनशे कॅलरी जातात हो, तर्रीचं तेल आणि वरचं फरसाण मिळून त्याहून जास्त आत येतं, पाव सोडूनच द्या. तुमचं वजन वाढलं नाही हीच तळ्यातल्या गणपतीची कृपा.

ढेरपोट्या, आकडे नीट समजून घ्या. एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. म्हणजे तुम्ही बोळात आहात, दोन्ही बाजूंना जाता येतं. कंबर आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांना ८० च्या आत. तीन महिने थांबायला सांगितलं ते उगाच नाही, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही टेस्ट त्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा करून काही कळणार नाही, पैसे जातील.

व्यायाम किती, तर आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागेल असा, शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर. पण तुमचा इतिहास बघता हे सगळं सोमवारपासून करू नका. मी पेशंटना एकच गोष्ट सांगतो, शतपावली. रात्री जेवून उठलात की चप्पल घालायची आणि बाहेर पडायचं. जेवणानंतर चाललं की मांडी-पोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो. फक्त शंभर पावलं नकोत, दहा-पंधरा मिनिटं. दहा हजाराच्या आकड्यामागे तर अजिबात लागू नका, तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय, यंत्राचं नावच दहा हजार पावलांचा मीटर असं होतं.

दोनवेळाच

एवढं सगळं कशाला? दीक्षित सरांचं करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, खरी भूक लागेल तेव्हा, आणि ५५ मिनिटांत उरकायचं. मूळ कल्पना डॉ. जिचकारांची. माझं दीड वर्षात १२ किलो उतरलं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली.

कर्वेनगरची_काकू

दोनवेळाच, तुमचं उतरलं त्याचा आनंदच आहे पण सगळ्यांना एकच माप लावू नका हो. माझ्या सासूबाई दिवसातून चारदा खायच्या, ९१ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत कुकरची शिटी बदलण्यापासून सगळं स्वतः करायच्या. मात्र त्या चारदामध्ये एकदा ताकभात होता आणि एकदा नुसती काकडी.

ढेरपोट्या (अहो हे असलं नाव कशाला घेतलंत, हाक मारायला कसंतरी होतं), मी तुम्हाला डाएट सांगत नाही, एक हिशोब सांगते. घरात महिन्याला तेल किती लागतं ते बघा. आमच्याकडे चार माणसं आणि ५ लिटरचा डबा महिन्यात संपायचा. एके दिवशी नातीच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला तर माणशी रोज ४१ मिली आलं, म्हणजे आठ चमचे! मी म्हटलं शक्यच नाही, मी तर फोडणीला जेमतेम घालते. मग आठवडाभर बाटलीतून ओतायचं बंद केलं आणि पोह्याच्या चमच्याने मोजून घातलं, तेव्हा कळलं की "जेमतेम" म्हणजे कांदेपोह्यांना चार चमचे, वांग्याच्या भाजीला पाच, आणि पोळीला वरून लावते ते तर मोजतच नव्हते. आता डबा सात आठवडे पुरतो. घरात कुणालाही काही बोलले नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त ह्यांनी एकदा विचारलं, वांगी वेगळ्या दुकानातली आहेत का.

दोनवेळाच

काकू, तेलाने साखर वाढत नाही. अभ्यास वाढवा.

कर्वेनगरची_काकू

पोट वाढतं ना. ९९ सेंटीमीटर वाचलंत ना वर?

डॉ_बिनफीचे

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. दोनदा जेवून ज्याला जमतं त्याने जरूर करावं, फक्त साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नयेत, साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. मी पाहिलंय.

पेठेतला_खवय्या

मीही दोनदा जेवून पाहिलं. पद्धतीचा दोष नाही, दोष माझा. ५५ मिनिटं दिली म्हणून ५५ मिनिटं जेवत होतो. बकासुरही मध्ये पाणी प्यायला थांबत असेल.

ढेरपोट्या

बाप रे एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार, काकू तुमचे विशेष.

तेलाचं घरी विचारायची हिंमत झाली नाही म्हणून आधी स्वतःचा चहा मोजला. शर्टच्या खिशात कागद ठेवला आणि प्रत्येक कपाला रेघ मारली. सकाळी घरी दोन, हापिसात गेल्यागेल्या एक, अकराला एक, चारला खालच्या टपरीवर कटिंग पण ते दोनदा होतं कारण एकदा आपण पाजतो आणि एकदा समोरचा, घरी आल्यावर एक. सात रेघा! टपरीवाल्याला विचारलं साखर किती घालतोस, त्याने पातेल्यात पडणारी मूठच दाखवली. कमीत कमी दीड चमचा कपाला धरला तरी पन्नास ग्रॅमच्या वर साखर नुसती चहातून. आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगतोय की मी गोड खात नाही.

शतपावली पाच दिवस झाली. आमच्या सोसायटीपासून कॅनॉलपर्यंत जाऊन येऊन बरोब्बर चौदा मिनिटं.

ढेरपोट्याची_बायको

नमस्कार, धागाकर्त्यांची सौ. खास यासाठी आयडी काढलाय.

दोन खुलासे. एक, शतपावलीचा रस्ता कॅनॉलपर्यंत का, तर तिथे बेकरी आहे. मंगळवारी खिशात क्रीमरोलचा कागद सापडला. दोन, यांची सुरुवात चौथी असेल, माझी बारावी आहे, कारण यांनी डाएट काढलं की यांची भाकरी वेगळी, मुलीची पोळी वेगळी, सासऱ्यांना मऊ भात वेगळा, आणि सूपच्या वेळी तर मी रोज संध्याकाळी नोकरीवरून येऊन भोपळा उकडून, गाळून, मिरपूड घालून द्यायचे आणि हे म्हणायचे आज जरा पांचट झालंय. श्रीखंडाच्या रात्री मला खरं तर हायसं वाटलं. डाएट यांचं आणि दोन दोन स्वयंपाक माझे, हे मी आता पुन्हा करणार नाही, तुम्ही सगळ्यांनी मिळून काय सल्ला द्यायचा तो द्या.

कर्वेनगरची_काकू

अगं शंभर टक्के! मी हेच लिहिणार होते पण परक्याच्या घरात कसं बोलायचं म्हणून गप्प बसले. वेगळं शिजवायचंच नाही. जे सगळ्यांना करतेस तेच, फक्त ताटातल्या जागा बदलायच्या. आपलं पानच बघ ना, डावीकडे कोशिंबीर-चटणी, उजवीकडे भाजी, आमटी-उसळ, मध्ये भात-पोळी. आपण काय केलंय, डावी बाजू चमचाभर ठेवली आणि मधलाच ढीग वाढवला. ह्यांना वाटीभर कोशिंबीर आणि दोन वाट्या मटकीची उसळ किंवा घट्ट वरण आधी खाऊ दे, मग पोळी. तीनच्या दोन आपोआप होतात. कोशिंबीर मात्र त्यांनी स्वतः करायची. किसणी चालवायला डिग्री लागत नाही.

डॉ_बिनफीचे

काकूंच्या ताटाला +१. आपल्याकडे खरी वानवा प्रोटीनची आहे. किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम धरतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. एका अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर फुटाण्यांत सहाएक, पोळीत तीनच्या आसपास. हॉटेलात मिळतं तसलं पाणीदार वरण यात धरू नका, त्यात डाळ शोधावी लागते.

चारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे खिशात ठेवा, रात्री फ्रीजपाशी जावं लागणार नाही. संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात जे बिस्कीट-फरसाण जातं ना, डाएट तिथे मोडतं, जेवणात नाही.

बारीकराव

मजा येतेय वाचायला. आमचं बरं आहे, वजन ६१, काहीही खा, अंगाला लागत नाही. तपासण्याबिपासण्या जाड्या लोकांच्या भानगडी.

डॉ_बिनफीचे

बारीकराव, तुमच्यासाठी पुण्याचीच गोष्ट आहे. आपल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दिसायला बारीक पण आतून चरबी, हा आपल्या लोकांचा नमुना, आणि तो जन्मापासूनचा असतो हे पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या. आणि टेप घ्या, वजनकाटा नको.

बारीकराव

टेप लावली. ८८. हात बारीक, पाय बारीक, मध्ये मडकं. बायको हसतेय.

तळजाईचा_मोर

उशिरा आलो. माझी वीस वर्षं टेकडीवर गेली, तळजाई, कधी वेताळ टेकडी. दोन गोष्टी सांगतो.

गुडघा. धागाकर्ते, तुमचा गुडघा चढल्याने नाही उतरल्याने गेला. उतरताना मांडीचा स्नायू ताणलेला असताना ब्रेक मारत असतो, त्याला सवय नसली की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर. त्यामुळे महिनाभर सपाटीवर चाला, आणि घरात खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहाचे दोन सेट, एक दिवसाआड. हाच बिनफीचे डॉक्टरांचा स्नायूंना जोर. सोबत भिंतीला हात लावून जोर काढा. मग टेकडी. एआरएआयच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला घ्या, कोथरूडकरांना तीच जवळ, पर्वतीच्या उंच दगडी पायऱ्या सगळ्यात शेवटी. सूर्यनमस्कार जमत असतील तर उत्तमच, औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, उभ्या संस्थानाला घालायला लावले होते (औंध म्हणजे सातारचं, पुण्यातलं परिहार चौकवालं नव्हे). पण बारा घालून अंग मोडून घेण्यापेक्षा तीन नीट घाला. आणि अंधारात एकटे टेकडीवर जाऊ नका, उजाडू द्या.

दुसरं, टेकडीखालचे ज्यूसवाले. कारलं, दुधी, गव्हांकुर, पांढऱ्या कपड्यातली माणसं ग्लासवर ग्लास मारतात आणि पलीकडच्या गाडीवर वडासांबार खातात.

डॉ_बिनफीचे

दुधीवरून आठवलं, हे गांभीर्याने घ्या. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नका, ओतून द्या. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. औषध कडूच असतं असं म्हणून लोक नाक दाबून पितात. करायचाच तर दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून बघा, आणि खरं तर भाजीच खा.

रात्रपाळी

हिंजवडी, रात्री नऊ ते सकाळी सहा. माझ्यासारख्यांनी काय करायचं? जेवण रात्री दोनला कॅन्टीनमध्ये, तिथे पनीरचं काहीतरी लाल आणि काहीतरी पिवळं एवढंच असतं. सकाळी लोक फिरायला निघतात तेव्हा आमची कॅब घरी सोडते.

कर्वेनगरची_काकू

बाळा, मुख्य जेवण निघायच्या आधी घरी आठला कर, दोनला डब्यातलं हलकं, दहीपोहे नाहीतर मुगाचं धिरडं. आणि सकाळी आल्याआल्या फोन बाजूला ठेवून पडदे ओढून झोप, झोप अर्धी झाली की दिवसभर गोडच खावंसं वाटतं, माझा मुलगा असाच होता.

पेठेतला_खवय्या

आमच्या ग्रुपने मिसळ आठवड्यातून एकदाच, रविवारी, असा ठराव केला. ४ विरुद्ध १. विरुद्ध कोण ते विचारू नका.

ढेरपोट्या

धागा वर आणतोय. तेरा आठवडे झाले, काल रिपोर्ट आला म्हणून.

एचबीए१सी ५.८. कंबर ९४. वजन ८०, म्हणजे चारच किलो, हापिसात कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, एकजण तर म्हणाला बरं वाटत नाहीये का. डॉक्टर म्हणाले बोळातच आहात पण तोंड फिरलंय.

काय केलं ते खरं खरं लिहितो. रात्रीची शतपावली तेरा आठवड्यांत नऊ वेळा चुकली, पैकी चार गणपतीत. रस्ता बदलला, आता उलट्या दिशेने जातो, तिकडे फक्त पंक्चरवाला आणि मेडिकल आहे. मुलगी सोबत येते, तिचं शाळेचं सगळं मला आता माहीत आहे, आधी पालकसभेत समजायचं. चहा सातावरून तीनवर, घरचा बिनसाखरेचा, टपरीवरचा एकच पण तो साखरेचा, तो सोडणार नाही. पहिले दहा दिवस डोकं ठणकायचं, मग गेलं. फुटाणे चालू आहेत. हापिसातल्या चौघांनी खिशात हात घालायला सुरुवात केली म्हणून आता अर्धा किलो ड्रॉवरमध्येच ठेवतो.

खुर्चीवरून उठाबशा आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. जिम नाही. वेताळ टेकडी दोनदा झाली, उतरताना तिरकं तिरकं आणि छोटी पावलं टाकत, गुडघ्याने तक्रार केली नाही.

न जमलेलं: शनिवार. शनिवारी अजून काहीही होतं. आणि मधल्या पंधरा दिवसांत वजनकाटा इंचभर हलेना तेव्हा सगळं सोडून देणार होतो, टेप लावली तर कंबर दोन सेंटीमीटर उतरलेली, म्हणून थांबलो.

वेगळा स्वयंपाक बंद आहे. रोजची कोशिंबीर मी करतो. काकडी, गाजर, बीट, कोबी, मुळा, आठवड्याचं टाइमटेबल फ्रीजवर लावलंय. दाण्याचं कूट मोजून एक चमचा. काकू, तेलाचा डबा आमच्याकडे पाच आठवड्यांवर गेलाय.

कर्वेनगरची_काकू

गुणाचं बाळ ते. आता ते आयडीचं नाव बदला.

तळजाईचा_मोर

रविवारी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी या. पळायचं नाही.

पेठेतला_खवय्या

मी पण येतो. त्यानंतर मिसळ, रविवारच आहे.

ढेरपोट्याची_बायको

कोशिंबीर खरंच चांगली करतात. गाजराच्या दिवशी सासरेही मागून घेतात. फक्त किसणी तशीच सिंकमध्ये टाकून शतपावलीला जातात आणि मग ते बीट वाळून घट्ट बसतं. त्यावर काही उपाय असेल तर लिहा.